तळाशी बसणारा साका

चौक गावच्या नाक्यावर रोज सकाळी एक बाई रिक्षाची वाट बघत बसलेली असायची. चहाचा ग्लास दोन्ही हातांत घट्ट धरायची, पण घोट घ्यायची नाही. शेजारी चहा पिताना मी एकदा ऐटीत विचारलं, "ताई, चहा पिताय की पूजताय?"

"हात शेकतेय, दादा. आख्खी शिफ्ट थंड खोलीत जाते."

कुंभिवलीकडच्या एका औषध कारखान्यात ती गोठवलेला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातलं पिवळसर पाणी, हळूहळू वितळवायची. तळाशी पांढरा साका बसतो. ज्यांचं रक्त वाहायचं थांबत नाही, त्यांचं औषध त्यातूनच करतात. जरा जास्त ऊब लागली की साका विरघळून जातो आणि औषधाची ताकद उतरते.

एके दिवशी तिचा चेहरा उतरलेला दिसला.

"काल मला डुलकी लागली, तेवढ्यात ऊब वाढली. अर्धा साका गेला. मीच सायबाला सांगितलं. आता नोकरी ऱ्हाते का नाय, बगू."

"अहो, गप्प बसायचं!" मी डोळे मिचकावत कुजबुजलो. "कोणाला कळलं असतं?"

ती हसली नाही. दमलेल्या आवाजात म्हणाली, "आमी नाय सांगितलं, तरी ज्याचं रक्त थांबलं नसतं, त्याला कळलं असतं की, दादा."