ताईचं पासपोर्टवरचं नाव

माझ्यावर सर्वात जास्त उपकार आहेत ते ताईचे. ती माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा ताई नववीत होती. तिने शाळा सोडली, घर हातात घेतलं आणि मला रोज डबा देऊन शाळेत पिटाळलं. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. पुढे सिंगापूरला नोकरी लागली, तेव्हा गावातल्या सत्कारात मी म्हणालो, "माझी ताई आठवी शिकलेली, पण तिच्यामुळे मी इंजिनियर झालो." नंतरही हे वाक्य मी ज्याला त्याला ऐकवत आलो. ते बोलताना मला स्वतःबद्दल बरं वाटायचं, हे आता कबूल करतो.

माझं ऑफिस सिंगापूरच्या बंदराकाठी, हार्बरफ्रंटला. खिडकीतून धक्क्याला लागलेली मोठी प्रवासी जहाजं दिसतात. फोनवर मी त्यांचं वर्णन केलं की ताई विचारायची, "आत स्वयंपाकघर असतं का रे? धूर कुठून जातो?" तिला एकदा जहाजात बसवायचं हे तेव्हापासून डोक्यात होतं.

त्या वर्षी मुलीच्या शाळेच्या जूनच्या सुट्टीत योग आला. बायकोला कामासाठी स्टॉकहोमला जायचं होतं. तिथून हेलसिंकीला जाऊन परत येणारं दोन रात्रींचं जहाज होतं. ठरवलं, सगळेच जायचं. ताईचा पासपोर्ट, सिंगापूरचा आणि युरोपचा असे दोन्ही व्हिसा, विमानाचं तिकीट हे भाच्याने पुण्याच्या एजंटकडून करून घेतलं आणि तिला आमच्याकडे पाठवून दिलं. जहाजाचं बुकिंग तेवढं माझ्याकडे होतं. सिंगापुरातल्या आमच्या हौगांगच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर बसून मी ते दहा मिनिटांत उरकलं होतं.

स्टॉकहोमच्या धक्क्यावर काउंटरवरच्या मुलीने आमचे चार पासपोर्ट घेतले आणि तीनच कार्डं दिली.

"या बाई यादीत नाहीत," ती म्हणाली.

"नीट बघा. बुकिंग मी स्वतः केलंय."

तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. आडनाव बरोबर होतं, जन्मतारीख बरोबर होती. मग तिने पासपोर्टवरच्या पहिल्या नावावर बोट ठेवलं. मी वाचलं आणि क्षणभर मला खरोखर वाटलं की भाच्याने भलत्याच कुणाचा पासपोर्ट दिलाय. फोटो मात्र ताईचा होता.

मी तिचं माहेरचं नाव टाकलं होतं. वडील ज्या नावाने तिला हाक मारायचे, ते. लग्नात तिचं नाव बदललं होतं. भाऊजींनी ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं, तेव्हा अकरा वर्षांचा मी पेढ्यावर डोळा ठेवून शेजारीच बसलो होतो. त्यानंतर ते नाव मी एकदाही लिहिलं नव्हतं. तोंडाने 'ताई' म्हणायचो आणि हॉस्टेलवरून पत्रं टाकायचो ती भाऊजींच्या नावावर. आपल्या बहिणीचं नाव मी एका परक्या मुलीच्या बोटाखाली वाचत होतो.

"बाबा, यू टाइप्ड इट राँग लाह!" माझी बारा वर्षांची मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली.

चढायची वेळ संपायला पंचवीस मिनिटं उरली होती. दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचा काही कागद आहे का, असं काउंटरवरच्या मुलीने विचारलं. तोवर बायकोने ताईला काय झालंय ते समजावलं होतं. ताई शांतपणे बॅगेवर टेकली.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "मी बसते इथे. परवा याच दाराने परत येणार ना?"

शाळा सोडली त्या दिवशीही ती याच आवाजात म्हणाली होती, "तू जा, मी आहे घरी." तेव्हा मी गेलो होतो.

"कुणी कुठे जाणार नाही," मी म्हणालो. "ताई, दोन्ही नावं असलेला कागद? काहीही?"

"मग आधी विचारायचंस की, इंजिनियर साहेब." तिने कापडी पिशवीतून प्लॅस्टिकची फाइल काढली. तिच्या मुलाने सगळे कागद जवळ ठेवायला सांगितले होते. त्यात राजपत्राचं एक पिवळं पडलेलं पान होतं. जुनं नाव आणि नवं नाव, इंग्रजीत, शेजारी शेजारी. काउंटरवरची मुलगी ते घेऊन आतल्या साहेबांकडे गेली.

"हे कधी काढलंस?"

"परीक्षेला बसायचं होतं ना, तेव्हा."

"कसली परीक्षा?"

"दहावीची. सतरा नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून."

फाइलमध्ये पुढचाच कागद गुणपत्रिकेचा होता. मी तो बघतच राहिलो. ताईने इंग्रजीच्या ओळीवर अंगठा ठेवला. "ते नको बघूस. अडतीस आहेत. गणित बघ."

"मला का नाही सांगितलंस?"

"पत्र टाकलं होतं की हॉस्टेलवर. तुझं उत्तरही आलं. 'अभिनंदन. माझीही सेमिस्टर संपली. लाडू पाठव.'"

"आत्या, मग पाठवले?" मुलीने विचारलं.

"पाठवले ना. पंचवीस."

मला ते पत्र आठवत नाही. अजूनही नाही. लाडू मात्र आठवतात.

काउंटरवरची मुलगी चौथं कार्ड घेऊन आली. आम्ही धावत चढलो. डेकवर लख्ख ऊन होतं आणि जहाज झाडांनी भरलेल्या असंख्य छोट्या बेटांमधून हळूहळू निघालं होतं. ताई कठड्याला धरून उभी होती. मी तिला विचारलं, नाव बदललं त्याचं वाईट वाटलं का.

"आधी परकं वाटायचं," ती म्हणाली. "मग त्या नावाने परीक्षेचा नंबर आला, आणि पास झाले. तेव्हापासून माझं झालं." आणि लगेच, "ते जाऊ दे. स्वयंपाकघर कुठे आहे ते दाखव."

ती गावी परतल्यावर आठवड्याभराने मी हे पत्र हौगांगच्या पोस्टाच्या पेटीत टाकलं.

प्रिय ताई,

नमस्कार. तू सुखरूप पोचल्याचं कळलं. मुलगी रोज तुझी नक्कल करते, जहाजावरच्या आचाऱ्याला तू हाताने पोळी लाटून दाखवलीस ती.

माझी ताई आठवी शिकलेली, असं मी वीस वर्षं लोकांना सांगितलं. परवा ऑफिसात एकाला बोलावून दुरुस्त केलं. बाकीच्यांनाही सांगेन, जसे भेटतील तसे.

तू पास झाल्याचं मला पुन्हा एकदा लिहून कळव. त्या वेळी मी उत्तर दिलं ते उत्तर नव्हतं. या वेळी नीट लिहीन, आणि लाडू मागणार नाही.

पाकिटावर पहिल्यांदाच तुझं नाव घातलंय, तुझं आताचं. पोस्टमन सवयीने भाऊजींना हाक मारेल. त्याला सांग, "पत्र माझं आहे."

तुझा भाऊ