हिलाल आप्पा साडीवरून उठेना

पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये आमच्या हिलालनं एकतीस वर्षं फाटक राखलं. साखळी मुठीत धरून स्टुलावर बसायचा. गेटपास पुढं आला की तो दोन्ही हातांनी धरून डोळ्यांजवळ न्यायचा, मग साखळी आपोआप सुटायची आणि टेम्पो बाहेर. एकदा तर पासाशिवाय खुद्द शेठला अडवून ठेवलं होतं!

त्याच्या सुनेला, योगिताला, कॉलेजात शिकवायची नोकरी हवी होती. त्यासाठी एक तास घेऊन दाखवायचा होता. विषय जंतूंचा. मी चौथी पास, पण मलाही कळेल असं तिनं सांगितलं. जंतूच्या पोटात लांब दोरा असतो, त्यावर कामं लिहिलेली. दूध पचवायचं काम लिहिलंय तिथं एक प्रथिन ठाण मांडून बसतं, दोरा वाचत येणाऱ्याला पुढं जाऊ देत नाही. दुधातली साखर त्याला चिकटली की पकड सुटते.

"अगं, हा तर आपला हिलाल!" मी म्हणालो.

झालं! तिनं सासऱ्यालाच प्रथिन केलं. बाकांमधल्या वाटेत, फळ्यापासून दारापर्यंत दोरा म्हणून साडी अंथरली. मधोमध हिलाल, दोन्ही काठ मुठीत. वाचणारा म्हणजे तिचा नवरा गोपाल. फळ्याजवळ प्रिन्सिपॉल, मागच्या बाकावर मी.

आणि शिपाई भिकननं दुधाऐवजी आणलं लिंबू सरबत. हिलालनं नुसतं हुंगलं.

"यामा दूध कोठे शे?"

"अरे काका, मानी लो ने के दूध छे," प्रिन्सिपॉल गुजरातीत म्हणाले, दूधच आहे असं समजा की.

"मानानं काम नही. पास दखाडा."

गोपाल कानाशी वाकला. "आप्पा, तिची नोकरी जाईल हो!"

"मंग दूध लई ये."

योगिता पांढरीफटक पडली. मग एकदम वर्गाकडं वळली. "बरोबर आहे त्यांचं. भलत्या साखरेला हे प्रथिन हलत नाही. हललं तर दूध नसताना जंतू दूध पचवायची हत्यारं घडवत बसेल. फुकटची मेहनत!"

भिकन डेअरीकडं पळाला; वीस मिनिटं अख्खा वर्ग दुधासाठी थांबला. कुणी जांभईसुद्धा दिली नाही. दूध आलं, हिलालनं दोन्ही हातांनी ग्लास घेतला, काठ सुटले, तो उठला. गोपाल धावत दारापर्यंत जाऊन ओरडला, "हत्यारं तयार!" टाळ्याच टाळ्या. प्रिन्सिपॉलही खुशीत साडीवरून निघाले. तोवर हिलालनं ग्लास रिकामा केला, मिशा पुसल्या आणि त्यांच्यासमोर पुन्हा फतकल मारली.

"आ शुं?" हे काय, म्हणून प्रिन्सिपॉलांनी विचारलं.

"दूध संपलं की ते परत बसतं, सर," योगिता म्हणाली.

प्रिन्सिपॉल एका पायावर थबकले. "बेन, तमे सोमवारथी आवजो. पण पहेलां काकाने उठाडो!"

सोमवारपासून नोकरी पक्की! भिकन पुन्हा डेअरीकडं पळाला.