पंचवीस दगडांवरची सांगली

कारण नसताना पळणारा माणूस आमच्या सगळ्या मुलखात एकच जन्माला आला, आणि तो नेमका माझा धाकटा दीर निघाला. आमच्याकडं माणूस पळतो ते बैल सुटला म्हणून, एस.टी. चुकतेय म्हणून, नाहीतर कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, म्हणून. भावजी हौसेनं पळत. हल्ली शहाणीसुरती माणसं पैसे भरून पळतात असं ऐकते. पण मी सांगते ती बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरच्या वर्षाची गोष्ट आहे. तेव्हा चाळिशी ओलांडलेला, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून असलेला, दोन लेकरांचा बाप पहाटे उठून रस्त्यानं पळत सुटतो म्हणजे घरात काहीतरी बिनसलं असणार, असंच लोक धरून चालायचे. त्यांच्या बायकोला पाणवठ्यावर बायका हळूच विचारायच्या, "रागावून जात्यात काय गं?"

त्यांचा पळायचा पोशाख म्हणजे पलटणीतल्या थोरल्या भावाची, म्हणजे माझ्या मालकांची, खाकी अर्धी चड्डी, त्यांनीच पाठवलेले कॅनव्हासचे बूट, अंगात बंडी आणि डोक्यावर पांढरी टोपी. टोपी कशाला, म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "वैनी, रस्त्यानं सगळी वळखीची माणसं. बोडकं कसं जायाचं?" वडीलधारं कुणी समोर आलं की पळता पळता हात जोडायचे, आणि मोठ्या माणसाला पाठ दाखवू नये म्हणून पाचपन्नास पावलं उलटं पळायचे. असे एकदा मागच्या मागं उसाच्या पाटात जाऊन बसले. सडकेच्या कडेला किलोमीटरचे दगड असतात, त्यांवर त्यांचं सगळं गणित चालायचं. "आज सात दगड झालं," असं सांगत दारात यायचे आणि सगळ्या जगाला तेच माप लावायचे. माझं माहेर तीन दगडांवर, बाजार दोन दगडांवर. माझी एक भाकरी त्यांना चार दगड पुरायची. माझ्या जावेची, म्हणजे त्यांच्या बायकोची, तीनच पुरते, असं एकदा तिच्यासमोर बोलून गेले, तर आठ दिवस तिनं त्यांना भाकरी दिली नाही, मीच दिली.

आमच्या दारापासून सांगलीचा पूल पंचवीस दगड. तिथंवर एका दमात, मध्ये न थांबता जायचं, एवढीच त्यांची हौस होती. पण आमच्या बाजूला पळणाऱ्या माणसाला कुणी पळू देत नाही. बैलगाडीवाला गाडी उभी करायचा, ट्रॅक्टरवाला म्हणायचा, "बसा की वो, पळताय कशापायी?" एकदा तर एस.टी.च्या ड्रायव्हरनं आपण होऊन गाडी थांबवली आणि नको नको म्हणताना आतल्या दोघांनी काखेत हात घालून त्यांना वर घेतलं. रस्त्यावर पाहुण्यांची घरं पसरलेली. पाहुण्याच्या दारावरून चहा न घेता गेलं तर सात पिढ्या बोलणी. भावजींच्या पोटात दहाव्या दगडापर्यंत चार चहा जायचे, आणि चार चहा पोटात घेऊन कुणी पळत नाही.

शेवटी त्यांनी ठरवलं, आज कुणी हाक मारली तरी बघायचंच नाही. त्याच दिवशी घात झाला. आष्ट्यात माझ्या नणंदेचं, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीचं घर सडकेला लागून आहे. ती अंगण झाडत होती. भाऊ घामानं निथळत, मान खाली घालून पळत चाललेला बघून तिनं हाक मारली, "आरं, काय झालं रं?" भावजींना दम लागलेला, बोलता येईना. त्यांनी नुसता हात वर केला आणि पुढं गेले. मागं येताना थांबतो, असं त्यांना म्हणायचं होतं. तिनं काय घ्यायचं ते घेतलं. आई वर गेली, आणि हे सांगायला भावाची जीभ उचलली नाही! तिनं झाडणी टाकली आणि गळा काढला.

तासाभरात आमच्या दारात ट्रॅक्टरची ट्रॉली आली. आत नणंद आणि तिच्या भावकीतल्या बारा बायका, सगळ्या रडत. "आये, मला न भेटताच गेलीस गं!" माझ्या सासूबाई ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या. त्यांना धड दिसत नव्हतं. एवढ्या बायका रडत आल्या म्हणजे कुणीतरी आपल्यातलं गेलं, एवढं त्यांना कळलं. "कोण गेलं गं?" म्हणत त्याही रडायला बसल्या. जिच्यासाठी बायका रडत होत्या ती त्यांच्यातच बसून मोठ्यानं रडत होती. मी ओरडून ओरडून थकले. तेवढ्यात नणंदेच्या दिरानं फटफटीवरून भावजींना चौदाव्या दगडापासून पकडून आणलं. "आई गेली आन् तुमी सांगलीकडं कुठं पळताय?" असं त्यानं विचारल्यावर भावजींनाही आई गेली असंच वाटलेलं. तेही रडत आले आणि आईला ओट्यावर बघून मटकन खाली बसले.

सगळा उलगडा झाल्यावर सासूबाईंनी पायातली चप्पल काढली आणि भावजींच्या आवाजाच्या रोखानं नेम धरून हाणली. वर गळ्याला हात लावून म्हणाल्या, "परत पळालास तर माझं मढं बघशील. माझी आण हाय तुला."

आण घातली म्हणजे संपलं. भावजी पळायचे बंद झाले. पहाटे उठायचे, बूट घालायचे, नाड्या बांधायचे, थोडा वेळ ओट्यावर बसायचे आणि परत सोडायचे. असं चार महिने चाललं. मला असली तोंडं बघवत नाहीत. एक दिवस मी फटकळपणे विचारलं, "भावजी, सांगलीत काय ठेवलंय एवढं?" तर म्हणाले, "वैनी, साताऱ्याला भरतीला आमी तिघं भाऊ गेलतो. दोघं पळालं. मी शेवटच्या फेरीला खाली बसलो. आबा कडंला हुबं हुतं. परत येताना वाटंत मला कायबी बोलले न्हाईत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं." बुटाची नाडी सोडत म्हणाले, "त्यो पल्ला अजून पुरा न्हाई झाला माझा."

आबा म्हणजे माझे सासरे. ते तेव्हा हयात नव्हते. मी तशीच सासूबाईंकडं गेले. "आत्याबाई, आण सोडा," म्हटलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी पुढ्यातली शेंगांची टोपली बाजूला सारली. मग म्हणाल्या, "मला कुणी सांगितलं न्हाई त्यो बसला म्हून. ह्ये मला छाती कमी भरली म्हनालं हुतं." पोराला हाक मारून त्यांनी आण सोडली आणि वर विचारलं, "कवा जायाचं म्हंतोस?"

पुढचं काम माझं. मी चौथीपर्यंत शिकले होते, तेवढं पुरलं. रस्त्यावरच्या झाडून सगळ्या पाहुण्यांना मी कार्डं टाकली. मयताच्या कार्डाचा कोपरा फाडतात, म्हणून तेही स्पष्ट लिहिलं. "येत्या रविवारी सकाळी भावजी पळत सांगलीला जाणार आहेत. घरी सर्व जिवंत आहेत. कार्डाचा कोपरा बघून घ्यावा, फाडलेला नाही. त्यांना हाक मारू नये, चहा देऊ नये, गाडीत घालू नये."

रविवारी ते गेल्यावर मी आणि सासूबाई एस.टी.नं निघालो. खिडकीतून बघते तर घरटी माणसं सडकेला येऊन उभी. आष्ट्यात नणंद तोंडात पदराचा बोळा कोंबून उभी होती, हाक जाऊ नये म्हणून. सांगलीजवळच्या डिग्रजच्या अलीकडं भावजी दिसले. कुणी चालणारा माणूसही त्यांना मागं टाकून गेला असता, पण पाय पळत होते. सासूबाईंना दिसत नव्हतं. त्या मला सारख्या विचारत होत्या, "बसला न्हाई न्हवं?"

पुलाच्या तोंडाशी आम्ही दीड तास उभ्या होतो. ते आले, दगडाला हात लावला आणि तसेच वाकून राहिले. सासूबाई चाचपडत पुढं गेल्या, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "झालं. पुरं झालं, बाळा." मी नदीकडं बघत उभी राहिले. पुरुषमाणसाचं रडणं मला चालत नाही.

पुढं इस्लामपूरला जाणाऱ्या परतीच्या गाडीत ते आईशेजारी बसले आणि तिच्या खांद्यावर मान टाकून, तोंड उघडं ठेवून झोपले. त्यांची टोपी सासूबाईंनी मांडीवर धरली होती. आमचं गाव आलं, कंडक्टरनं घंटी मारली, मी पिशव्या घेऊन उठले. सासूबाई आपल्या जागेवरून हलल्या नाहीत. मला हातानंच खाली बसायला सांगितलं. "निजू दे त्याला," म्हणाल्या. "इस्लामपुरातनं येऊ माघारी."