तेल म्हणजे पातळ मळ

निमकरसाहेब खिशात दोन रुमाल बाळगत. एक घामासाठी आणि दुसरा, पांढराशुभ्र, इस्त्रीचा, इतरांच्या चुका शोधण्यासाठी. टेबलाच्या कडेवरून, खिडकीच्या गजावरून, शिपायाच्या सायकलच्या सीटवरूनसुद्धा हा रुमाल फिरे. डाग पडला की तो नाचवत ते म्हणत, "हे बघा तुमचं काम!" स्वतःचं काम म्हणून त्यांनी काही केलेलं लखनौच्या चार वर्षांत मला दिसलं नाही.

आमच्या कर्ज देणाऱ्या कंपनीत ते सुरक्षा अधिकारी होते. त्याआधीची सगळी नोकरी स्टेशनरी विभागात गेलेली. बंदूक त्यांनी जन्मात उडवली नव्हती, पण छावणीजवळ राहत असल्यामुळे लष्कर आपल्याला कळतं असा त्यांचा समज होता. ऑफिसात मराठी असे आम्ही दोघेच. माझं बिऱ्हाड नागपूरला, मी इथे एकटा. त्यामुळे दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला असे. वहिनींची आमटी आणि कोथिंबीरवडी यांसाठी मी त्या माणसाचं काय काय ऐकून घेतलं, ते आठवलं तरी लाज वाटते.

एकदा चष्म्याच्या दुकानात त्यांचा चष्मा पाण्याच्या एका छोट्या डबीत टाकला गेला, डबी गुणगुणली आणि चष्मा लखलखीत होऊन बाहेर आला. झालं! महिन्याभरात ऑफिसात तसलीच, पण स्टीलची लांबलचक अल्ट्रासॉनिक मशीन येऊन पडली. आता रखवालदारांच्या बंदुका हिच्यात धुवायच्या, असा हुकूम निघाला.

आमचा रखवालदार रामसजीवन. पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याची दुनळी बंदूक त्याच्या वडिलांची होती आणि परवाना त्याच्या नावावर. आमच्याकडच्या रखवालदारांना बंदूक स्वतःची आणावी लागते. बंदूक आहे म्हणून नोकरी. त्याने दस्ता काढून नळ्या मशीनमध्ये ठेवल्या, त्या मूल झोपवावं तशा. मशीन घोंघावू लागली. नळ्यांतून काळा धूर निघावा तसा मळ पाण्यात पसरला. मशीन कामाची होती, हे कबूल केलं पाहिजे.

नळ्या बाहेर निघताच रामसजीवनने तेलाची कुपी काढली. निमकर कडाडले, "ए! हमको तेल नहीं मंगता! इतना साफ किया, फिर गंदा करता है?"

"साहब, लोहा है," तो हळूच म्हणाला. "तेल तो देना पड़ेगा."

निमकरांनी नळीवरून रुमाल फिरवला आणि माझ्याकडे वळून मराठीत ज्ञान पाजळलं, "लक्षात ठेवा सबनीस, तेल म्हणजे पातळ मळ. रुमालाला तेल लागलं की बंदूक नापास."

तोवर मी मशीनबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका चाळत होतो. तिसऱ्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की या धुण्याने जुनं तेल पार निघून जातं, म्हणून वस्तू लगेच कोरडी करून तेल लावा, नाहीतर गंज चढेल. त्या रविवारी जेवताना मी विषय काढला. "जेवताना ऑफिस नको हो," निमकर म्हणाले. वहिनींनी आणखी दोन वड्या वाढल्या. मी त्या खाल्ल्या, आणि पुढे कधी बोललो नाही.

पावसाळ्यात दर महिन्याला धुणं आणि मधल्या दिवसांत केव्हाही रुमाल, असं सुरू राहिलं. भाद्रपदातल्या तपासणीत नळीतून रुमाल विटकरी होऊन निघाला. आतून पोलाद खड्ड्याखड्ड्यांनी खाल्लं गेलं होतं. आपण काय केलं हे कळण्याइतकी अक्कल निमकरांना नव्हती. उलट त्यांना आनंद झाला. "हेळसांड!" म्हणत ते अहवाल लिहायला बसले.

रामसजीवनने हात जोडले. "साहब, लापरवाही हमारी लिख दीजिए. बंदूक को बेकार मत लिखिए. काग़ज़ पर बेकार हो गई, तो हमें कौन रखेगा?"

निमकरांनी लिहिलं, 'शस्त्र निकामी'. खाली दुसरी सही लागत होती. ती माझी आहे.

निमकर निवृत्त होऊन नाशिकला गेले. निरोपाच्या भाषणात मी त्यांच्या शिस्तीची तारीफ केली. मशीनमध्ये हल्ली दिवाळीच्या आधी ऑफिसातल्या बायका आपली पैंजणं धुतात.

गेल्या महिन्यात इथेच लखनौत, निशातगंजला, एका साड्यांच्या दुकानाचं दार कोणीतरी अदबीने उघडून धरलं. रामसजीवन होता. हातात काठी. त्याने निमकरांची चौकशी केली, मनापासून. बंदूक घरी आहे म्हणाला. चालत नाही, पण रोज तेल देतो.

मी निघालो तसा तो दोन पावलं मागे आला. "साहब, एक बात पूछें? उस दिन आप वो अंग्रेज़ी किताब पढ़ रहे थे. उसमें तेल का कुछ लिखा था क्या?"

"याद नहीं," मी म्हणालो.

"अच्छा," तो म्हणाला, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी दार उघडायला वळला.