टेपचं दुसरं टोक

आमच्या घरात लिंबू-मिरची येते ती फक्त स्वयंपाकासाठी. वडील शाळेत विज्ञान शिकवायचे, नवरा बँकेत, आणि मी सिव्हिल इंजिनिअर... त्यामुळे या सदरातले गूढ अनुभव मी आजवर वाचले ते चहासोबत, गालातल्या गालात हसायला. स्पष्ट बोलते, राग मानू नका. आता हसायची पाळी तुमची.

मी गोंदियाची. एका खासगी कन्सल्टन्सीत काम करते. सरकारची जुनी विश्रामगृहं खासगी पार्टीला तीस वर्षांसाठी द्यायची, तिनं तिथं हॉटेल, लॉन वगैरे काढायचं, दोन खोल्या साहेबलोकांसाठी राखून ठेवायच्या - अशी ती योजना. पीपीपी म्हणतात तिला. पार्टी येण्याआधी जागेचे नकाशे लागतात, ते आम्ही करतो. ही गोष्ट अशाच एका विश्रामगृहाची. कोहमाऱ्याहून अर्जुनी मोरगावकडे जाताना डाव्या हाताला एक मोठा तलाव लागतो, त्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, टेंडर अजून उघडायचंय.

बंगला छान होता. उंच जोतं, कौलं, तलावाकडे तोंड केलेला लांब व्हरांडा. मागे बांबूचं बेट, आणि बेटाच्या पलीकडे एक मातीचं घर. बंगल्याचे जुने चौकीदार रिटायर झाल्यावर बायकोसोबत तिथं राहायचे. आमच्या कच्च्या नकाशात त्या घराच्या जागी पार्किंग दाखवलं होतं, आणि घराभोवती ठिपक्यांची चौकट काढून लिहिलं होतं - 'अतिक्रमण?' ते प्रश्नचिन्ह माझं होतं. ते काढायचं की ठेवायचं, एवढ्याचसाठी त्या दिवशी आम्ही परत गेलो होतो. आम्ही म्हणजे मी आणि आमचे ड्राफ्ट्समन देवेंद्रभाऊ. वय पंचेचाळीस, जीभ अर्धी हिंदी, आणि डोक्यात कायम जेवण.

जुन्या सरकारी नकाशात बंगल्याच्या मागच्या जोत्यापासून हद्द ऐंशी फूट दिली होती. म्हणजे चोवीस मीटर अडतीस. घराची भिंत त्याच्या आत आली तर घर सरकारी जागेत, म्हणजे जाणार. बाहेर असली तर कुणी हात लावू शकत नाही. सरकारी मोजणी पुढे होतेच हो, पण एकदा टेंडरच्या नकाशात घर आत गेलं की ते बाहेर काढता काढता माणसाची चप्पल झिजते.

चौकीदारांची बायको दारातच उभी होती. साठी उलटलेली, काटक.

"काऊन बाई, घर पाडून राहिले का आमचा?"

"अजून काही ठरलं नाही काकू. मोजून राहिलो फक्त."

"मोजा. पर बराबर मोजा. दगड पाहून, त्याच्या पल्याड पाया खनला होता बुढ्यानं. तवाचे साहेब सोता उभे होते."

"तो हद्दीचा दगड कुठं आहे मग?"

"रस्त्याचा काम झाला, तवा मुरमासंगं गेला."

"आणि काका?"

"घरात आहेत," ती म्हणाली आणि डोक्यावर पदर घेऊन मळणीच्या कामाला निघून गेली. जाताना तिनं दाराला बाहेरून कडी घातली. ते मी पाहिलं होतं... पण तेव्हा त्याचा विचार केला नाही.

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या लेझर मीटरचा सेल नेमका सकाळीच गेला, म्हणून साधी तीस मीटरची टेप काढली. टेप वापरून वापरून आधी सुरुवातीला तुटते. टोकाची कडी निघते, पहिले आकडे पुसतात. म्हणून दुसऱ्या टोकाचा माणूस टेप शून्यावर न धरता एक मीटरच्या खुणेवर धरतो, आणि वाचणारा आलेल्या आकड्यातून एक वजा करतो. आमची टेप वर्षभर तशीच होती, आणि एक वजा करणं माझ्या अंगवळणी पडलं होतं.

देवेंद्रभाऊंनी घराच्या भिंतीशी टोक धरलं, मी जोत्याशी वाचलं. चोवीस सत्तर. एक वजा. तेवीस सत्तर.

"मॅडम, ये तो अंदर आ गया," देवेंद्रभाऊ म्हणाले. आवाजात दुःख होतं, पण लगेच पुढे म्हणाले, "मैं कोहमारा जाके सेल ले आता हूँ. खाना भी हो जाएगा. आपका तो डब्बा है."

गेले. ढाब्यावर बसले की दोन तास तरी माणूस उठत नाही, हे मला ठाऊक होतं.

मी व्हरांड्यात बसून डबा खाल्ला. मार्गशीर्षातली दुपार. धान कापून झालं होतं, शेताच्या बांध्यांमधून वाळल्या पेंढीचा वास येत होता. लांब कुठे तरी थ्रेशर चालू होतं, त्याचा आवाज कधी यायचा, कधी नाही. तलावातल्या पाण्याचा उजेड व्हरांड्याच्या छतावर हलत होता. मी तो बघत बसले... किती वेळ, सांगता येत नाही. अंग हलकं झालं होतं. घड्याळ हातात होतं, पण बघावंसं वाटेना. पेंग आली होती का? आली होती. कबूल करते. तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगते, की त्यानंतर मी उठून तोंड धुतलं, पाणी प्यायले, आणि मग पुन्हा मोजायला गेले.

कारण ते तेवीस सत्तर मला खुपत होतं. अडुसष्ट सेंटीमीटरसाठी कुणाचं घर जावं, हे काही गळ्याखाली उतरेना.

एकटीनं मोजायचं म्हणून भिंतीशी टेपचं टोक ठेवलं, त्यावर वीट ठेवली. बांबूच्या बेटाला वळसा घालून जोत्याशी आले. इथून बेटामुळे घर दिसत नाही, फक्त पानांच्या खालून जाणारी पिवळी टेप दिसते. हलक्या हातानं ओढली. वीट सरकणार, हे गृहीतच होतं.

टेप ताणली गेली. चांगली तंग. पलीकडे धरायची सवय असलेला माणूस जशी धरतो तशी, झोल काढून.

"धरलो, बाई," पलीकडून आवाज आला. पुरुषाचा, घोगरा, तोंडात काही धरून बोलावं तसा. "एकावर धरलो. एक काढून टाकजा."

मी बिलकुल दचकले नाही. काका घरात आहेत असं काकू म्हणाली होती, तर काका बाहेर आले असतील. "बरं काका," म्हणाले आणि आकडा वाचला. पंचवीस सत्तर. वजा एक, चोवीस सत्तर. फील्डबुकात तसंच लिहिलं. ते पान अजून माझ्याकडे आहे. सकाळपेक्षा पूर्ण एक मीटर जास्त कसा, म्हणून तीनदा वाचलं. टेप तोवर तंगच होती. त्या क्षणी सगळं इतकं शांत आणि बरं वाटत होतं, की आता आठवलं तरी तिथं परत जाऊन उभं राहावंसं वाटतं.

"सोडा काका," मी म्हणाले. टेप सैल पडली.

वळसा घालून गेले तर तिथं कुणी नाही. वीट बाजूला नीट ठेवलेली. टेपवर एकच्या आकड्याशी चिमटीत धरल्यासारखी घडी. घराच्या दाराला बाहेरून कडी, जशीच्या तशी.

तेवढ्यात पाळीवरून काकू येताना दिसली. मी म्हटलं, "काकू, काकांनी टेप धरली म्हणून बरं झालं. घर बाहेर येतंय बहुतेक."

ती जागच्या जागी थांबली. मग कडी काढली आणि मला आत नेलं.

बाजेवर एक म्हातारे गृहस्थ पडलेले होते. उजवा हात छातीवर, वाळलेला. डोळे उघडे, आढ्याकडे. वर भिंतीवर बुद्धाची तसबीर, ताजं फूल वाहिलेलं.

"दोन वर्सं झाले लकव्याले," काकू म्हणाली. "हात नाही, पाय नाही, जबान नाही. मी बाहेर गेली का कडी लावून जातो, कुत्रे येतेत म्हनून. हे कायले टेप धरतीन?"

इंजिनिअरच ना मी, जे झालं ते क्रमानं सांगितलं. एकावर धरलो म्हणाले, एक काढून टाका म्हणाले.

काकू खाली बसली. "जो साहेब मोजाले आला, त्याचा फीता बुढ्यानंच धरला. जलमभर. कोनता फीता कुठं तुटला, त्यालेच माहीत राहे." मग तिनं विचारलं, "आवाज कसा होता?"

"घोगरा. तोंडात काही असल्यासारखा."

"खर्रा," ती म्हणाली. तंबाखू-सुपारीचा, आमच्याकडे गालात असतोच. मग बाजेकडे बघून, रागानं, अगदी खऱ्या रागानं - "दोन वर्सं मी मूत काढून राहिली, मले एक शब्द नाही बोलले. अन् आल्या-गेल्याशी बोलता."

मी बाजेशी वाकून म्हणाले, "काका, घर हद्दीच्या बाहेर आहे." डोळे आढ्याकडेच होते. समजलं की नाही, कळलं नाही.

देवेंद्रभाऊ आले ते ऊन उतरल्यावर. सेल टाकून लेझरनं मोजलं. चोवीस सत्तर. घर हद्दीच्या बत्तीस सेंटीमीटर बाहेर. मी सकाळच्या आकड्याचं विचारलं, तर डोकं खाजवत म्हणाले, "टेप की कडी तो मैंने कल शाम को ही नयी लगा दी ना, मॅडम. आकडे पण पेननं लिहिले. आपको बताना रह गया." म्हणजे सकाळी त्यांनी टेप शून्यावर धरली होती, आणि मी सवयीनं एक वजा केला. दुपारी टोक हातात घेऊनही नवी कडी माझ्या लक्षात आली नव्हती. त्या एका सवयीपायी मी एका घरावर पार्किंग काढणार होते. मला स्वतःची लाज वाटली, अजून वाटते.

दुपारचं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, नींद लग गई होगी. असेल. पण झोपेतल्या माणसाला बरोबर आकडा कुठून मिळाला?

सामान गाडीत टाकलं, तेव्हा काकू जवळ आली.

"बाई, अजून एकदा मोजता का? त्या फीत्यानं?"

"काकू, झालं आता. घर बाहेर आलं, मी तसं लिहून देते."

"घरासाठी नाही," ती म्हणाली.

मी टेप परत काढली. काकूनं दुपारसारखंच टोक भिंतीशी ठेवून वर वीट ठेवली, घराचं दार सताड उघडलं आणि चौकटीला टेकून उभी राहिली. मी बेटाला वळसा घालून जोत्याशी गेले. ओढली. वीट घासत आली. परत जाऊन ठेवली, परत ओढली.

"आला का आवाज?" तिनं बांबूपलीकडून विचारलं.

"नाही काकू."

तिसऱ्यांदाही नाही. देवेंद्रभाऊंनी एकदा हॉर्न दिला, मग त्यांनाही काय वाटलं कोण जाणे, गाडीचं इंजिन बंद केलं. चौथ्यांदा मात्र टेप ताणली गेली.

"कुणी धरली?" मी विचारलं.

काकूचा आवाज आला, रडवेला. "मीच आहो, बाई."

मी आकडा वाचला. मोठ्यानं, घरात बाजेपर्यंत जाईल असा.

नकाशातलं पार्किंग आता दुसऱ्या बाजूला गेलं आहे आणि ते प्रश्नचिन्ह मी खोडलं आहे. दुपारी टेप कुणी धरली, हे मला आजही माहीत नाही. वाचकांपैकी कुणाला उलगडा होत असेल तर जरूर कळवा, माझी हार आधीच कबूल. पण खरं सांगू... मला त्याचा त्रास होत नाही. त्रास होतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. तो आवाज तिनं ऐकायला हवा होता, आणि ऐकला मी.