फसफसणारी फरशी

माझी आत्या कॉलेजात भूशास्त्र शिकवायची. निवृत्त झाल्यावर विद्यार्थी सुटले, पण तिचं शिकवणं काही सुटेना. पर्समध्ये भिंग आणि पातळ केलेल्या ॲसिडची ड्रॉपरवाली बाटली कायम असायची. कुणाच्याही घरी गेली की आधी जमिनीकडे बघायची, मग माणसांकडे. लोकांना वाटायचं, बाई किती लाजाळू आहेत!

मुलाचं लग्न झालं आणि तिला व्याही मिळाले ते कापडाचे बडे व्यापारी. त्यांनी नुकताच बंगला बांधला होता आणि हॉलभर हिरवागार मार्बल घातला होता. आलेल्या माणसाने चपला बाहेर काढायच्या, पाय पुसायचे आणि मार्बल कुठल्या देशातून आला ते उभ्याउभ्या ऐकून घ्यायचं, मगच आत.

आम्ही पहिल्यांदाच जेवायला गेलो होतो. आत्या उंबऱ्यापाशीच गुडघे कडकड वाजवत खाली बसली.

"विहीणबाई, काही पडलं का?" व्याही धावत आले.

"नाही हो," म्हणत तिने फरशीवर एक थेंब सोडला. थेंब ढिम्म बसून राहिला.

"हा संगमरवर नाही," आत्या म्हणाली.

व्याह्यांचा चेहरा उतरला. "अहो, बिलावर लिहिलंय मार्बल!"

"बिल बघून का खडक तयार होतो? संगमरवर म्हणजे मूळची चुनखडी. ती खोल गाडली गेली, उष्णता आणि दाब तिने सोसला, की तिचे कण नव्याने वाढतात आणि एकमेकांत घट्ट अडकून बसतात. तेही न वितळता, बरं का! वितळली तर ती रूपांतरित खडकांत मोडतच नाही. संगमरवरावर ॲसिड पडलं की तो फसफसतो. तुमचा हा सर्पेंटिनाइट. बाजारात काय, चकाकलं की झाला मार्बल!"

"म्हणजे आम्हाला नकली माल गळ्यात मारला?"

"छे! हाही रूपांतरित खडकच. ह्याचं मूळ तर पृथ्वीच्या कवचाच्याही खालचं."

व्याही जरा सावरले. "म्हणजे मार्बलपेक्षा खोलचा?"

"पुष्कळच."

जेवताना आत्याने कागदी रुमालांची चळत दाबून रूपांतरित खडकांची विभागणी समजावली. दाबाने ज्यांत पापुद्रे किंवा पट्टे येतात ते एका गटात: पाटीचा दगड, शिस्ट, नाइस. ज्यांत येत नाहीत ते दुसऱ्यात: संगमरवर, क्वार्टझाइट. आतेभाऊ ताटातून मान वर काढेना. व्याह्यांच्या डोक्यात मात्र 'खोल' एवढंच शिरलं होतं.

त्या दिवसापासून ते येईल त्याला सांगू लागले, "मार्बल काय, कुणीही घालतं." पण शेजारच्या डॉक्टरांच्या हॉलमधली पांढरीशुभ्र फरशी त्यांच्या डोळ्यांत सलत होती. एका रविवारी ते आत्याला तिथे घेऊन गेले. मीही होतो. आपल्या विषयासाठी कुणी बोलावलंय म्हणून आत्या हरखली होती.

डॉक्टर चहा सांगायला आत गेले तेवढ्यात तिने थेंब टाकला. फस्स!

"अस्सल!" आत्या ओरडली. तिने लगेच रुमालाने पुसलंही, पण सोफ्यासमोरच एक निस्तेज ठिपका उमटला. तेवढ्या जागेची चकाकी गेली ती गेलीच.

"अहो, हा डाग?" डॉक्टर बाहेर येऊन किंचाळले.

"डाग कसला, सर्टिफिकेट आहे ते!" व्याही म्हणाले. डॉक्टरांची फरशी अस्सल निघाली ह्याचं दुःख आणि ती बिघडली ह्याचं सुख त्यांना एकदमच झालं होतं. डॉक्टरांनी त्या सर्टिफिकेटावर पायपुसणं टाकलं. चहा काही आला नाही.

परतताना टॅक्सीत आत्या बाटली पुसून पर्समध्ये ठेवत होती.

"आत्या, आता ती बाटली घरीच ठेव," मी म्हणालो.

"तुला डागाचं पडलंय. इतका शुभ्र दगड! मूळची चुनखडी किती निर्मळ असेल. माती मिसळलेली असती तर रंगीत शिरा आल्या असत्या. पण तो आधी कसा होता, हे एकानेही विचारलं नाही रे."

मला राहवेना. "कसा होता?"

आत्या सावरून बसली. घर आलं, टॅक्सीवाल्याने मीटर बंद केला, तरी आमची चुनखडी अजून समुद्राच्या तळाशीच साचत होती.