उष्टी हळद आणि नावांची शर्यत

भाटघरचं पाणी अडलं तेव्हा आमची शेतं, जुनं गावठाण आणि भोरला जाणारी गाडीवाट सगळं बुडालं. आम्ही वर टेकाडावर नवी घरं बांधली. तेव्हापासून पलीकडच्या काठाला जायचं तर नावेशिवाय उपाय नाही. एरवी पाण्यावर एखाददुसरी नाव दिसायची. माघात लग्नाच्या तिथी लागल्या, की तिथंच एकाच दिवशी तीन-तीन वऱ्हाडं. जो तो घाईत, जो तो नवरदेवाचा खास दोस्त आणि जो तो नावेत उभा. "खाली बसा" म्हणून ओरडून नावाड्यांचे घसे बसायचे. कोणी पाण्यात पडलं, की काठावरचे खो-खो हसायचे. मला ते हसणं तेव्हाही सोसायचं नाही.

माझं लग्न अशाच गर्दीच्या तिथीला होतं. आमच्यात नवऱ्या मुलाला लावून उरलेली उष्टी हळद वऱ्हाडाबरोबर येते आणि तीच नवरीला लावतात. ती लागल्याशिवाय नवरी बोहल्यावर चढत नाही. सकाळपासून मी त्या हळदीची वाट बघत मांडवात बसले होते. वाजंत्री ऐकू आली तशा सगळ्या बायका टेकाडाच्या कडेला धावल्या. त्यांच्यामागे मीही गेले.

पुढच्या नावेत बायका होत्या. नवऱ्याची धाकटी बहीण मांडीवर हळदीचं ताट धरून बसली होती. मागच्या नावेत नवरदेव आणि त्याचे मित्र. तेवढ्यात दुसऱ्याच कुठल्या वऱ्हाडाची नाव बाजूनं आली आणि तिच्यातली पोरं यांना चिडवायला लागली. झालं! नवरदेवानं हातातली कट्यार कमरेला खोचली आणि नावाड्याकडून वल्हं हिसकावलं. अंगाला हळद लागलेली, संध्याकाळी लग्न, आणि हा शहाणा शर्यत लावतोय! नावाडी जीव तोडून ओरडत होता, पण ऐकतो कोण? नाव तिरकी झाली आणि थेट बायकांच्या नावेवर जाऊन आदळली.

किंकाळ्या आमच्यापर्यंत आल्या. ती पोरगी पाण्यात पडली. नवऱ्याच्या आत्यानं तिची वेणी धरली आणि तिला वर ओढून घेतलं. कोणाचा जीव गेला नाही. ताट मात्र तळाला गेलं.

काठाला लागल्यावर कोणीतरी या टोळक्याची खरडपट्टी काढेल असं मला वाटलं होतं. कसलं काय! होणारी सासू ओल्या लुगड्यानिशी मांडवात आली आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली, "हळद लागायच्या आदीच ही गत. पांढऱ्या पायाची हाय पोर. आमाला न्हाई करायचं ह्ये लगीन."

आई तिच्या पाया पडायला लागली. असा शिक्का बसून दारात लग्न मोडलेल्या मुलीला पुन्हा कोण विचारणार होतं? नवरदेव मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. "वल्हं माझ्या हातात होतं," एवढंच त्यानं सांगायचं होतं. तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. माझं डोकं फिरलं. मी उठून सरळ त्याच्यासमोर गेले.

"नाव ह्यांनी आदळली, आन पांढऱ्या पायाची मी व्हय?"

त्याच्या कोपराला अजून हळद चिकटलेली होती. ती मी बोटानं खरवडली आणि सगळ्यांदेखत आपल्या गालाला फासली.

"ही घ्या उष्टी हळद. लागली."

शेवटी ती भिजलेली आत्याच म्हणाली, "लागली की वं. आता उगा कशापाई ताणताय?"

तिन्हीसांजेला लग्न लागलं.

हे ऐकलं की लोक माझं कौतुक करतात. कौतुक कसलं? सासूचं बोट माझ्यावरून कधी हटलंच नाही. वासरू दगावलं, तर माझे पाय. विहीर आटली, तरी माझेच पाय. ती शर्यत मात्र त्या घरात कोणालाच आठवत नसे. पुढे एका पावसाळ्यात आमचा बैल मेला. त्या दिवशी सासू चकार शब्द बोलली नाही. गोठ्यातून बाहेर येऊन ह्यांनीच माझ्या पायांकडे पाहिलं.